अगदी असेच, दोन नंबर मोठे

नाही नाही, तसे नकोत काका — रंग तोच हवा. हाच निळा, बाजूला हीच पांढरी रेघ, लेस पण अशीच चपटी. फक्त दोन नंबर मोठे. हो, जुनं मॉडेल आहे, कळतंय मला, आता येत नाही ते. पण घेतले होते तुमच्याच दुकानातून, म्हणून तर नमुना पिशवीत घालून आणलाय. एकदा मागे बघता का? एखादा जोड असतो हो पडलेला कुठेतरी वरच्या फळीवर, खोका चेपलाय म्हणून न खपलेला. चेपलेला चालेल. खोका नसला तरी चालेल. उलट कोणी दोन दिवस घालून परत केलेला असला ना, तर फारच छान... का म्हणजे? असंच. तुम्ही बघा तर आधी. मुलीसाठी हवेत. आणलं नाही तिला, शाळेत आहे ती. मापाची काळजी नको, दोन नंबर मोठे म्हणजे दोन नंबर मोठे, मी चांगलं बघून आलेय. बसते मी इथे स्टुलावर, तुम्ही सावकाश शोधा.

मिळाला? खरंच मिळाला! काका, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही मला केवढ्या संकटातून सोडवलंत. तुमचं दुकान उघडेपर्यंत चार दुकानं पालथी घातली सकाळपासून. हो, हाच, अगदी हाच — थोडा जास्तच चकचकीत आहे, नाही? ते होईल काहीतरी. बरं, आता जरा विचित्र वाटेल, पण तुमच्याकडे पॉलिश पेपर असेल ना? सोल थोडा घासून द्याल? टाचेला बाहेरच्या बाजूने जास्त, ती तशी चालते. आणि ही पांढरी रेघ — ही अशी पिवळट करता येईल का, या जुन्यासारखी? मी घरी चहाच्या पाण्यात बुडवून बघितलं असतं, पण डाग पडला तर दुसरा जोड कुठून आणू? तुम्ही लोक जाणकार, तुम्हाला माहीत असणार, म्हणून विचारलं... असं बघू नका हो माझ्याकडे. चोरीबिरीचा मामला नाही. नाटकासाठी हवेत. म्हणजे — शाळेच्या नाटकासाठी.

नाटक नाही. बरं, सांगते. तुमच्यासारखा माणूस समोर असा बूट हातात धरून गप्प बसला की खोटं बोलवत नाही बघा. शाळेत पण नाहीये ती. घरी आहे. पाय उशीवर ठेवून पडलीये. आमच्या घरी तिला मुंगी म्हणतात — लहानपणापासून काही ना काही डोक्यावर घेऊन इकडून तिकडे चालू असायची, उशा म्हणू नका, डबे म्हणू नका, म्हणून मुंगी. आता बारावं लागलंय.

काय झालं ते सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल. तुम्ही हे बूट विकता ना, तर या बुटाने जगाचं किती नुकसान केलं, ते मी मोजते. हसू नका, खरंच मोजते — म्हणजे आमचं सॉफ्टवेअर मोजतं. वस्तू जन्मल्यापासून मरेपर्यंत. जमिनीतून तेल काढलं, त्याचा हा सोल झाला, कापड विणलं, निळं रंगवलं, ते रंगाचं पाणी कुठे गेलं, गोंद कुठला लावला, मग जहाज, मग ट्रक, मग तुमचं दुकान, दुकानातले दिवे, मग कोणीतरी घातला, धुतला, शेवटी कचऱ्यात टाकला — प्रत्येक ठिकाणी किती धूर, किती पाणी, किती घाण, सगळं एकेका रकान्यात भरायचं. आणि शेवटी पडद्यावर एक पट्टी येते. हिरवी आली तर बरं, लाल आली तर वाईट. चांगलं सॉफ्टवेअर आहे हो काका. मी निम्मं आयुष्य घातलंय त्यात, असं म्हटलं तरी चालेल. बादल्या बनवणारे एक गृहस्थ होते, आमची पट्टी बघून त्यांनी बादल्यांचा रंग बदलला, त्या कारखान्यामागचा ओढा आता पुन्हा पाण्याच्या रंगाचा झालाय, मी स्वतः जाऊन बघितलाय. तेव्हा सॉफ्टवेअरला नावं ठेवू नका. ते बिचारं जे भरलं तेच सांगतं.

आता त्यात एक रकाना असतो — वापराचा काळ. वस्तू किती वर्षं वापरणार? एक वर्ष म्हटलंत तर सगळं नुकसान त्या एका वर्षाच्या डोक्यावर. पाच वर्षं म्हटलंत तर पाचात वाटलं जातं, पट्टी आखडते आणि हिरवी होते. साधा भागाकार आहे, तुम्हीही कराल. तर झालं काय, गेल्या वर्षी आमचं मोठं प्रदर्शन होतं, नवीन गिऱ्हाइकं येणार होती, आणि आमच्या मॅडम म्हणाल्या, लोकांना कळेल असं काहीतरी दाखवा, कारखाने आणि पाइप बघून सगळे कंटाळतात. मी म्हटलं, लहान मुलाचा बूट घेऊ या. मुंगीचे हे बूट नुकतेच घेतले होते. मी घरीच बसून सगळं भरलं, मुंगी माझ्या शेजारी खुर्चीवर गुडघे घेऊन बसलेली, तिला भारी मजा वाटत होती — आई, लेस पण मोजायची? लेसचं टोक पण? पट्टी आली लाल. मग मी तो रकाना बदलला. पाच केलं. लगेच हिरवी. मुंगीने टाळ्या वाजवल्या. तिचा बाबा मागून पेपर वाचत होता, तो म्हणाला, "पाच वर्षं? पोरीचा पाय काय लाकडाचा आहे?" आम्ही दोघी इतक्या हसलो काका, इतक्या हसलो! आणि मी पाच तसंच ठेवलं.

कळलं ना तुम्हाला? तुम्हाला लगेच कळलं. तुम्ही रोज मुलांचे पाय बघता. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये शिकलेली माणसं बसली होती, कोटातली, गळ्यात बिल्ले अडकवलेली, पण एकालाही वाटलं नाही की विचारावं — अहो बाई, वाढतं पोर आहे, पाच वर्षं हा बूट त्याला येणार कसा? कारण तोपर्यंत मुंगी स्टेजवर आली होती ना. हो, तिला आणली होती मी. मॅडमना कल्पना फार आवडली. छोटीशी पोर, निळे बूट, मोठ्या पडद्यावर हिरवी पट्टी. आणि तिने माइकसमोर उभं राहून म्हटलं, "हे बूट मी फाटेपर्यंत घालीन. नवीन मागणार नाही. मी वचन देते." लोक उभे राहिले हो. उभं राहून टाळ्या. एक बाई डोळे पुसत होत्या. मुंगी लाल झाली, हसली, मग पळत माझ्याकडे आली, तिचं काळीज असं धडधडत होतं, माझ्या पोटाला लागत होतं.

वाक्य कोणाचं? तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या तोंडावर दिसतंय. माझं. मी लिहून दिलं होतं. आदल्या दिवशी तिच्याकडून म्हणून घेतलं, कुठे थांबायचं ते शिकवलं — "फाटेपर्यंत"च्या आधी जरा थांब, मग बोल. ती विचारत होती, "आई, वचन म्हणजे खरं खरं वचन का?" आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "हो गं, नीट बोल फक्त, पुटपुटू नकोस."

आणि बूट फाटेनात. चांगले बूट विकलेत तुम्ही, काय सांगू! बघा ना, शिवण तरी उसवलीये का कुठे? ते फाटले असते तर सुटली असती पोर. पाय वाढत गेला आणि बूट आपला तसाच. आम्ही पाहिलं नाही. मी पाहिलं नाही, तिच्या बाबाला कशाला मध्ये ओढू. तो म्हणत होता, मुंगी हल्ली खेळायला जात नाही, सारखी बसून असते. मी म्हणायची, मोठी होतेय, मुली होतात अशा. एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, माझी पट्टी काढ ना." मी म्हटलं, माणसाची पट्टी नसते. "का नसते? मी पण जन्मले, मी पण वस्तू वापरते." मी कामात होते, मांडीवर लॅपटॉप, दुसऱ्या दिवशी काहीतरी द्यायचं होतं ऑफिसला. मी थट्टेत म्हटलं, "तुझी तर लालभडक येईल, आंघोळीला किती पाणी ओततेस!" ती हसली नाही. ताटाकडे बघत म्हणाली, "मी वाढायची थांबले तर हिरवी होईल?"

आणि मी म्हटलं — काका, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, तिच्या बाबालासुद्धा नाही — मी म्हटलं, "हिशोबाने तसंच आहे." वर मानसुद्धा केली नाही. मला वाटलं, किती हुशार प्रश्न विचारला माझ्या लेकीने. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कौतुकाने सांगितलं सगळ्यांना. सगळे हसले. मग शाळेतल्या बाई भेटल्या, त्या पण हसत हसत सांगत होत्या, तुमची मुलगी फार गमतीशीर आहे हो, उंची मोजायला भिंतीला लावून उभी केली तर गुडघे वाकवून उभी राहते, कितीदा सांगितलं तरी सरळ होत नाही. मी पण हसले. घरी येईपर्यंत हसू होतं तोंडावर, मग कुलूप उघडताना कुठेतरी काहीतरी लागलं मनाला, पण आत गेल्यावर फोन वाजला आणि राहिलंच ते.

डॉक्टरकडे तरी कधी नेली? खेळाच्या सरांनी फोन केला तेव्हा. रांगेत उभी असताना खाली बसली म्हणाले, उठेचना. तिथे डॉक्टरांनी मोजा काढला. सांगत नाही तुम्हाला काय होतं आत. अंगठ्याचं नख काळंनिळं, बाजूने पिकलेलं, शेजारची दोन बोटं अशी वर वळलेली, एकमेकांवर चढलेली, जशी काय दाटीवाटीने बसलेली माणसं. त्यांनी नखाला हात लावला, तर पोरीने फक्त टेबलाची कड घट्ट धरली. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "मोठे बूट घ्यायला काय झालं होतं तुम्हाला?" मी म्हटलं, "लक्षातच आलं नाही." ते म्हणाले, बोटं सरळ होतील बहुतेक, वय लहान आहे, पण मोकळे बूट हवेत, आजपासून. मुंगी तिथे टेबलावर बसल्या बसल्या म्हणाली, "पण हे अजून फाटले नाहीत." डॉक्टरांना वाटलं, पोर काटकसरी आहे. "शाबास" म्हणाले तिला! शाबास म्हणाले, आणि मी तिथे उभी.

म्हणून हे बूट. आता समजलं ना? नवीन घालणार नाही ती, काही केलं तरी नाही. बाबाने सँडल आणून ठेवल्या, तर तिने खोक्यासकट कपाटाखाली सरकवून दिल्या. तेव्हा मी म्हटलं, तसेच दिसणारे आणावेत, रात्रीतून बदलावेत, तिला म्हणायचं, भिजून सैल झाले बघ तुझे बूट. लहान आहे, ठेवेल विश्वास. माझ्यावर ठेवते ती विश्वास, हीच तर —

काय म्हणालात? घरात लंगडत फिरणाऱ्या मुलीला इतके हुबेहूब जुने कशाला? रेघ पिवळी कशाला, टाच घासलेली कशाला, नुसतं सांगितलं की मोठे केले तर...? तुम्ही म्हणालात की मलाच ऐकू आलं कोण जाणे. बरोबर आहे. मुंगीसाठी एवढं नसतं लागलं. मुंगीला मी भर उजेडात पण फसवू शकते.

रविवारी प्रदर्शन आहे. या वर्षीचं. मॅडमनी पत्रिकेवर छापलंय — "तीच मुलगी, तेच बूट, एक वर्षानंतर." गेल्या वर्षीचा व्हिडिओ आधी मोठ्या पडद्यावर लावणार, आणि मग ती चालत येणार. चालत आली पाहिजे ना, लंगडत नको. लोक पुढच्या रांगेत बसतात, फोटो काढतात, जवळून बघतात. म्हणून टाच घासायची. म्हणून रेघ. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, हे नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी हा विभाग तुम्हीच बघायचा. मी त्यांना पायाचं सांगितलंच नाही. दोनदा दारापर्यंत गेले आणि दुसरंच काही बोलून परत आले. डॉक्टरकडून घरी येताना, पोर मागच्या सीटवर पाय वर करून झोपलेली, आणि मी गाडी चालवताना काय विचार करत होते माहितीये? पोरीला किती दुखलं असेल — नाही. मी विचार करत होते, तो निळा रंग अजून मिळेल का.

झालं. आता तुम्हाला सगळं ठाऊक झालं. घासायचे नसतील तर नका घासू, मी घरी घासीन. द्या ते इकडे.

काय बघताय त्या जुन्या बुटात? हात कशाला घातलात आत? द्या ना, घाण असेल, औषध लागलंय त्याला... काय आहे? गादी? आतली गादी नाहीये म्हणजे? असते ना ती, चिकटवलेली असते — बघू. इकडे उजेडात धरा. हे — हे कापलंय. हे अस्तर कात्रीने कापलंय कोणीतरी. टोकाशी तर सगळंच खरवडून काढलंय, खालचा पुठ्ठासुद्धा. आणि दुसरा? दुसऱ्यातही. अगदी बारीक बारीक कापलंय हो, वरून काही दिसू नये असं. बाहेरून एक टाका उसवू दिला नाही. किती वेळ लागला असेल काका, तुम्हाला कळत असेल, किती दिवस बसली असेल ती हे करत? आमच्या घरात. आम्ही दोघं घरात असताना. जागा करत होती बोटांना. आतल्या आत.

नाही, ठीक आहे मी. पाणी नको. माझी पर्स कुठंय — फोन आहे त्यात. थांबा, एक मिनिट, जाऊ नका, हा बूट धरा जरा.

हॅलो... अरे, तिला दे ना फोन. हो, आत्ताच. जागी कर. दे म्हणते ना... मुंगी? मी बोलतेय. हो, बाहेर आहे. ऐक, तू कात्री... नाही, नाही रागावले, मुळीच नाही रागावले. ऐक. गेल्या वर्षी स्टेजवर तू जे बोललीस ना, ते तू नव्हतं म्हटलेलं. ते मी लिहिलं होतं. हो, आठवतंय ना तुला, मीच पाठ करून घेतलं. मग ते वचन तुझं कसं? माझं होतं ते, मी दिलं तुझ्या तोंडून, आणि मी मोडलं. आत्ता. इथेच. आणि तो पाचाचा आकडा पण मीच घातला, चुकून नाही, पट्टी हिरवी दिसावी म्हणून घातला. बाबा सांगत होता ते बरोबर होतं. रविवारी तू यायचं नाहीस. मी जाईन, मी सांगीन त्यांना, माइक हातात घेऊन सांगीन. मॅडमना? त्यांनाही सांगीन, त्या रागावल्या तर रागावू देत. आणि मुंगी, ते जेवताना विचारलं होतंस ते — वाढायची थांबले तर. मी चुकीचं सांगितलं होतं. मी ऐकलंच नव्हतं नीट. तू वाढ बाई. तू आपली वाढ, पाय, उंची, सगळं, भिंतीच्या वर गेलीस तरी... मुंगी? आहेस ना? बोल ना काहीतरी. मुंगी?

बोलत नाहीये काका.

नुसता श्वास येतोय.

थांबा... रडतेय. रडतेय हो ती. नाही, असू दे, रडू दे, इतके दिवस कुठे रडली ती. आहे मी, राजा, आहे, फोन ठेवत नाही... तुम्ही जा काका. ते दारात कोणीतरी आलंय, त्यांच्याकडे बघा. मला थोडा वेळ या स्टुलावर बसू द्या.